ठरलं की दार उघडतं

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात घडली आहे, आणि अजून संपलेली नाही.

पटली तर पटली. मला कोणाची सहानुभूती नको. कोणावर अशी वेळ आली असेल तर त्याने फक्त एवढंच सांगावं, की पुढे काय केलं.

मी डॉरीन. मिशिगनच्या वरच्या टोकाला, निगॉनी गावाच्या बाहेर आमचं घर आहे. नवरा एल्डन रॉटिओ. दिवसा शाळांचे बॉयलर दुरुस्त करतो आणि शुक्रवारी, बारमध्ये माशांचं जेवण असतं तेव्हा, कोपऱ्यात बसून गिटार वाजवतो. सोबतीला बेस गिटारवर मी.

एल्डनचा अ‍ॅम्प जुना, ट्यूबवाला, म्हणजे आत काचेच्या नळ्या तापणारा. गिटारचा आवाज मोठा करणारी ती पेटी, पण आमची पेटी म्हणजे कपाटच. दोन्ही बाजूंना हँडल. एकट्याने उचलायला गेलं की कंबर गेलीच समजा. एल्डनची गेली. तेव्हापासून एक हँडल त्याचं, एक माझं. बाकीच्या बायका नवऱ्याच्या हातात हात घालून चालतात. आम्ही मध्ये अ‍ॅम्प घेऊन चालतो.

मी म्हणायचे, बदल हा. हलका घे.

"आवाज जाईल गं त्याचा."

"आणि माझा खांदा गेला तर?"

"खांदे दोन असतात."

माणूस सोन्यासारखा, पण त्याला काही ठरवता येत नाही. बेकरीत ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाच्या काउंटरसमोर उभा राहिला की मागची रांग दारापर्यंत जाते. मला लग्नाचं विचारायला त्याने दोन हिवाळे घेतले. विचारलं तेव्हाही वर म्हणाला, "तूही नीट विचार कर हं."

फेब्रुवारीत किराणा दुकानाच्या फळ्यावर त्याला एक जाहिरात दिसली. छोटा ट्यूब अ‍ॅम्प, मोठ्याच्या बदल्यात. घरी येऊन सावकाश वाजवून बघा. नाव होतं व्हर्न पेल्कोला.

रविवारी चर्च आटोपलं, आम्ही मोठा अ‍ॅम्प ट्रकमध्ये चढवला आणि भर दुपारी निघालो.

"फक्त बघायचं," एल्डन म्हणाला. "आज ठरवायचं नाही."

"अरे वा. म्हणजे तुझी तयारी एकदम पक्की आहे."

पत्ता जुन्या खाणीच्या कुंपणाजवळचा होता. तिकडची जमीन खालून पोखरलेली. त्या रस्त्यावरची लाकडी घरं लोकांनी केव्हाच अख्खी उचलून दुसरीकडे नेली. तिथे आता कोणी राहत नाही अशीच माझी समजूत होती.

पण घर होतं. हिरवं, बुटकं. अंगणातला बर्फ नीट काढलेला.

फक्त एक गोष्ट मला खटकली...

एवढ्या थंडीत धुराड्यातून धूर येत नव्हता.

"दार उघडंच आहे," आतून कोणीतरी ओरडलं. "खाली या. जपून, पायऱ्या उभ्या आहेत."

आम्ही अ‍ॅम्प घेऊन तळघराचा जिना उतरलो. मी पुढे, पाठमोरी. एल्डन वर, पाठीवर गिटार, कण्हत.

खाली एकच दिवा होता. खुर्चीत एक म्हातारा बसला होता. चौकड्यांचा शर्ट, स्वच्छ दाढी, मांडीवर हात. बोलायला एकदम गोड.

"बसा, ताई. कोट खिळ्यावर अडकवा."

भिंतीवर खिळे होते. त्यांवर आधीच कोट होते... खूप कोट. बायकांचे, पुरुषांचे, एक तर अगदी जुन्या पद्धतीचा, फरच्या कॉलरचा. खाली बूट ओळीने लावलेले.

"पाहुणे आहेत वाटतं?" मी विचारलं.

"असतात," व्हर्न म्हणाला.

तळघरात आम्ही तिघंच होतो.

मी कोट अडकवायला गेले आणि शेजारच्या कोटाला हात लागला. खांद्यावर बर्फ होता. ताजा, भुसभुशीत. तळघरातल्या उबेत तो वितळायला हवा होता.

मी माझा कोट अंगावरच ठेवला. एल्डनने मात्र आपला अडकवला होता.

छोटा अ‍ॅम्प दिसायला गोजिरवाणा होता. एका हाताने उचलावा असा. एल्डनने आपला त्याच्या शेजारी ठेवला, गिटार गळ्यात घातली, आधी ह्यात वायर लावून वाजवलं, मग त्यात. मग परत ह्यात.

खरं सांगते, त्या छोट्याचा आवाज इतका गोड होता की माझ्याही अंगावर काटा आला.

पण त्याला घरघर नव्हती. ट्यूबचा अ‍ॅम्प चालू केला की कुठेतरी बारीक घरघर असतेच. ह्याच्यात वाजवणं थांबलं की काहीच नाही... विहिरीत वाकून बघावं तशी शांतता.

"काय वाटतं?" व्हर्नने विचारलं.

"हा मस्त आहे," एल्डन म्हणाला. "पण माझ्या अ‍ॅम्पचा खालचा सूर भरदार आहे. पण हा मस्त आहे."

"घाई नाही. पाठ करून ऐका ना."

गिटारवाल्यांची ही एक रीत आहे. डोळ्यांना दिसलं की मन फितूर होतं म्हणतात. म्हणून वाजवणाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं आणि दुसऱ्याने न सांगता वायर ह्यातून त्यात बदलायची. मग नुसत्या कानांनी ठरवायचं. एल्डनने हे शेकडो वेळा केलं असेल. तो लगेच वळला, भिंतीला नाक लावून उभा राहिला, डोळे मिटले.

व्हर्नने वायरचं टोक हातात घेतलं.

एल्डन वाजवू लागला. "हा माझा," तो म्हणाला. "बदला. हां... हा तुमचा. बदला."

वर रस्त्यावर बर्फ काढणारा ट्रक गेला. धडधडत, खरवडत.

मी थर्मासमधली कॉफी प्यायले. बरोबर आणलेला वेलदोड्याचा पाव खाल्ला. एल्डन वाजवत होता. बदला. बदला. परत पहिला लावा.

परत ट्रक गेला.

मग आणखी एकदा गेला... आणि माझ्या डोक्यात आलं, की हा ट्रक आमच्या भागात दिवसातून एकदा येतो, तोही नशीब असेल तर.

मी व्हर्नकडे पाहिलं.

तो खुर्चीतून उठलाच नव्हता.

वायरचं टोक त्याच्या मुठीत होतं. मांडीवर, शांत. ते मोठ्या अ‍ॅम्पमध्ये नव्हतं. छोट्यातही नव्हतं.

वायर कशातच नव्हती.

आणि आवाज येत होता. एकदा ह्यातून... एकदा त्यातून.

मी ताडकन उठले. "एल्डन, चल. निघू या."

"एक मिनिट गं. आत्ता कुठे फरक कळायला लागलाय."

"एल्डन, मागे वळून बघ."

"मग सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल," तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

मी जिना चढून गेले. वरचं दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला, लाथ मारली.

"थंडीने फुगतं ते," खालून व्हर्न म्हणाला. "तुमचं ठरलं की उघडतं."

"ठरलं!" मी किंचाळले. "नको आम्हाला तुमचा अ‍ॅम्प! ठरलं!"

दार तसंच.

"अ‍ॅम्प त्यांचा आहे ना, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही ठरवून कसं चालेल?"

तेव्हा मला ते कोट कळले. ते बूट कळले. ही सगळी माणसं एल्डनसारखीच आली होती, नुसती बघायला. आणि माझा नवरा! ज्याला चौकोनी पाय घ्यावा की गोल हे कळत नाही, तो इथून बाहेर पडणार?

मी खाली धावले. एल्डनचा दंड धरून ओढला. तो हलेना. जमिनीत रुतल्यासारखा.

"एल्डन, हो म्हण नाहीतर नाही म्हण. काहीही म्हण. मला घरी जायचंय रे."

"अगं हो. फक्त एकदा तो, एकदा हा. मग सांगतो."

मी रडत होते. मग दिसलं, की दिवा आणि दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला जोडलेले आहेत. दुसऱ्याचा चालू अ‍ॅम्प असा खेचून बंद करणं आम्हा वाजवणाऱ्यांत पाप समजतात. ट्यूब जाते.

मी त्या बोर्डाचा प्लग भिंतीतून उपटला.

मिट्ट काळोख झाला. गिटार थांबली.

आणि माझ्या अगदी जवळ, कानाशी, एल्डनचा आवाज आला.

"ठरलं. नको. चल घरी."

वर दार करकरलं आणि उजेडाची पट्टी जिन्यावर पडली. मी मोठ्या अ‍ॅम्पचं एक हँडल चाचपून धरलं. दुसरं त्याने धरलं. आम्ही धडपडत वर आलो. मी मागे वळून पाहिलं नाही.

आमचा ट्रक खिडक्यांपर्यंत बर्फात गाडला गेला होता. त्याने भराभर बर्फ काढला, एकदाही कंबर धरली नाही. मी आत बसले आणि फोन पाहिला.

रविवार नव्हता. मंगळवार होता.

"एल्डन, तुझी गिटार?"

"राहू दे," तो म्हणाला.

ती गिटार त्याच्याकडे शाळेपासून होती. आमच्या पलंगाशेजारी झोपायची ती. मी त्याच्याकडे बघत राहिले. पण जिवंत सुटलो होतो, आणखी काय हवं? मी त्याचा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर विचारलं, "काय खाशील? खिम्याची पास्टी आहे, सूप आहे."

"सूप."

लगेच. मी कढई हातात घेऊन उभीच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीचा रंग ठरवला. सात वर्षं रखडलेला. मग सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीचं दार बदललं. मग बारमध्ये फोन करून सांगितलं की आता वाजवणार नाही. दोन वाक्यांत संपवलं. मोठा अ‍ॅम्प त्याने तळघरात नेऊन ठेवला... एका हाताने.

लोक म्हणतील, बाई, नशीब काढलंस. वागायला चांगला आहे तो. भांडी धुतो. उलट बोलत नाही. काही विचारलं की उत्तर तयार. आणि मला रोज वाटायचं, की ह्याने एकदा तरी डोकं खाजवावं, एकदा तरी म्हणावं, अगं, तुला काय वाटतं?

आठवडाभराने तो कामावर गेला असताना मी तळघरात गेले. मला त्याची आठवण येत होती. नवरा घरात असताना त्याची आठवण यावी, हे कोणाला सांगणार? मी अ‍ॅम्प चालू केला. नुसती ती घरघर ऐकायला.

ट्यूब तापल्या. घरघर आली.

तिच्या मागे काहीतरी होतं...

खूप लांबून गिटार वाजत होती.

मी कान स्पीकरच्या जाळीला लावला. तोच तुकडा. एकदा भरदार, एकदा गोड. मग थोडी शांतता. आणि मग माझ्या एल्डनचा आवाज.

"बदला... नाही, परत पहिला लावा."

मी तिथेच जमिनीवर बसले.

त्याच दिवशी ट्रक काढला आणि कुंपणाकडे गेले. रस्ता बरोबर, वळण बरोबर. पण हिरवं घर नव्हतं. बर्फातून वर आलेल्या दगडी पायाच्या चार भिंती होत्या आणि आत मातीने बुजवलेला खड्डा. त्यात बर्च झाडं उगवलेली, माझ्याहून उंच. मी हातांनी उकरलं. नखं तुटली. खाली गोठलेली माती, दुसरं काही नाही.

ट्यूब म्हातारी झाली की माइकसारखी वागते. तिच्याजवळ बोललं तरी स्पीकरमधून ऐकू येतं. आमच्या अ‍ॅम्पमध्ये अशी एक होती. एल्डनला ती बदलायची होती, की नव्हती, ते ठरत नव्हतं. मी अ‍ॅम्पची पाठ उघडली आणि त्या ट्यूबपाशी तोंड नेऊन बोलले.

"एल्डन. मी डॉरीन. सोड ते. घरी ये."

गिटार चालूच राहिली.

मी रोज बोलले. हा कामावर गेला की खाली जायचं, बोलायचं, शिव्या द्यायच्या, विनवायचं. एक दिवस त्याला पायच्या रांगेवरून इतकं सुनावलं की माझं मलाच हसू आलं, आणि मग रडू.

ह्या रविवारी मी म्हटलं, "तुला नाही ना ठरवता येत? मग मी सांगते. आपला मोठाच बरा. मी उचलीन त्याचं एक हँडल, मरेपर्यंत उचलीन. माझ्या खांद्याचं काय व्हायचं ते होवो."

गिटार थांबली.

मी परत जाळीला कान लावला.

"...डॉरीन?"

मी तोंडावर हात दाबून धरला.

"कुठे आहेस तू? मला वाटलं, मागे बसलीयेस." मग वायर गिटारमधून उपटल्याचा तो ठप्प आवाज. "नको, साहेब. माफ करा. माझा मला बरा."

खुर्ची करकरली. व्हर्न काहीतरी बोलला, ते मला कळलं नाही.

मग जिन्यावर पावलं. दार उघडल्याचा आवाज. आणि बर्फात, कर्रर, कर्रर... लांब जात जात ऐकू येईनाशी झालेली.

तो निघाला होता. माझा नवरा घरी निघाला होता!

त्याच क्षणी डोक्यावर, आमच्या स्वयंपाकघरात, खुर्ची सरकली. रविवार होता. हा घरीच होता. चार पावलं पुढच्या दाराकडे गेली.

आणि कडी सरकवल्याचा आवाज आला.

आमच्याकडे दाराला कडी लावत नाहीत. ती कडी गंजून गेली होती, कुठल्या काळात लावली होती तेही मला आठवत नाही. मी वर आले तेव्हा तो टेबलाशी बसून सूप पीत होता.

"कडी का लावलीस?"

"थंडी येते," तो म्हणाला. लगेच.

तेव्हापासून मी उठले की तो उठतो. मी खिडकीशी गेले की तो खिडकीशी येतो. कामावर जाणं त्याने बंद केलं. ते ठरवायलाही त्याला क्षण लागला नाही. ट्रकची किल्ली त्याच्या खिशात असते. मागचं दार बर्फाने बंद आहे आणि फावडं कुठे आहे ते तो सांगत नाही. बोलतो मात्र गोड. माझ्यासाठी कॉफी करतो.

काल दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो होतो.

पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला...

इथे घरचं माणूस दार वाजवत नाही. पायरीवर बूट आपटून बर्फ झाडतं आणि सरळ आत येतं. एल्डन आधी डावा आपटतो, मग उजवा, मग डावा राहिला की काय म्हणून परत डावा.

डावा. उजवा. डावा.

दाराची मूठ फिरली. दार कडीला अडलं. मूठ परत फिरली, जरा जोरात.

"डॉरीन?" बाहेरून आवाज आला. "अगं, दाराला काय झालं?"

समोरच्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता. एल्डनचाच हात. अंगठ्याजवळची बॉयलरने भाजल्याची खूणसुद्धा.

"वारा आहे," तो म्हणाला. "जेव."

माझा जीव सांगत होता, बाहेर उभा आहे तोच माझा. मग मनात आलं, त्या काळोखात माझ्या कानाशी बोललेला आवाजही एल्डनचाच होता. त्यालाही मी माझाच समजून घरी आणलं. त्या तळघरातून वर येणारं प्रत्येक माणूस एल्डनच्या आवाजात बोलत असेल तर? बाहेरच्याला आत घेतलं आणि घरात दोन झाले तर? आणि नाही घेतलं, आणि तो खरंच माझा एल्डन असला, अंगात कोट नसलेला, तर?

मी कडीकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत राहिला.

बाहेर पावलं थोडी मागे गेली. मग पायरीवर कोणीतरी जड होऊन बसल्यासारखं झालं, आणि गिटारची एक तार बारीक वाजली.

तो दार तोडणार नाही. माझा एल्डन असेल तर तो विचार करत बसेल, तोडावं की नको.

आज सकाळपासून पारा शून्याच्या खूप खाली आहे. पायरीवरून अधूनमधून बूट आपटल्याचा आवाज येतो. आधीपेक्षा हळू. सूप गार झालंय, आणि मी अजून टेबलाशीच बसून आहे.